दोनशे सतरा क्रमांकाची जागा

नऊ फेब्रुवारी, सकाळचे पावणेसहा. फलाटांवर मुलं तेवीस. आदल्या सकाळी चोवीस.

सिस्टरांनी आकडा वहीत लिहिला, पेन्सिल वहीच्या पाठीत खोचली आणि त्या पुलाच्या पायऱ्या उतरल्या. ही मोजणी त्या एकोणीस वर्षं करत होत्या. सकाळची पहिली गाडी लागण्याआधी स्टेशनचे पाचही फलाट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे. बाकांखाली, पार्सलच्या गोण्यांआड, बंद पडलेल्या वजनकाट्यामागे झोपलेली मुलं मोजायची आणि एकालाही उठवायचं नाही. आकडा वाढला तर कुणीतरी नवं आलेलं असे; घटला तर चौकशी करावी लागे. त्या दिवशी चौकशीचं कारण नव्हतं. चोविसावी मुलगी आदल्या दुपारी फलाट तीन आणि चारच्या मधले रूळ ओलांडताना इंजिनाखाली आली होती. सिस्टरांनी तिला पाहिलं होतं, पोलिसांच्या कागदावर सही केली होती आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला त्या वेळेवर हजर होत्या.

स्टेशनवर त्या मुलीला ‘खिडकी’ म्हणत. कुठल्याही रिकाम्या डब्यात शिरली की आधी खिडकीची जागा धरायची, म्हणून. वय अकराच्या आसपास. कागदावर मात्र ‘अनोळखी मुलगी’ एवढंच लिहिलं गेलं. शहराच्या सार्वजनिक दफनभूमीत तिला दोनशे सतरा क्रमांकाची जागा मिळाली. पत्र्याच्या पट्टीवर आकडा रंगवलेला होता आणि दोनातला एक ओघळ खाली पट्टीच्या कडेपर्यंत आला होता. थोरला हमाल आणि त्याचे दोघे सोबती खांदा द्यायला आले होते. परतताना हमाल म्हणाला, “सिस्टर, रडून घ्या थोडं. आम्ही तिकडं तोंड करून उभे राहतो.”

“उद्याच्या पावाची ऑर्डर द्यायची राहिलीय,” सिस्टर म्हणाल्या.

हे त्या टाळायला म्हणाल्या नव्हत्या. ऑर्डर खरोखरच राहिली होती. आपल्याला रडू येत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं होतं ते आठव्या मृत्यूच्या वेळी, खिडकीचा चौदावा. दातांच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल जसा आपला असून आपला नसतो, तसं काहीतरी आत झालेलं होतं, आणि ते उतरत नव्हतं. त्याचा कामाला उपयोग होतो असं त्यांना दिसून आल्यावर त्यांनी त्याविषयी तक्रार करणं सोडलं.

त्या एका सांधेवाल्याची मुलगी. वडील केबिनजवळच्या खोपट्यात राहून रुळांचे सांधे बदलत, आणि घरात घड्याळ नसूनही आईला दूध केव्हा तापवायचं ते गाड्यांवरून कळत असे. पंधराव्या वर्षी त्यांनी मठात जायचं ठरवलं तेव्हा वडील म्हणाले होते, “जा. पण एकदा सांधा बदलला की मधेच हात काढायचा नाही. गाडी उलटते.” व्रत घेतल्यावर संस्थेनं त्यांना आधी शाळेत शिकवायला ठेवलं, मग दवाखान्यात, आणि चौतिसाव्या वर्षी स्टेशनवर. तिथून त्यांची बदली झाली नाही. करड्या झग्यावरून मुलं त्यांना ‘राखाडी’ म्हणत. “राखाडी आली, पोटं आत घ्या!” असं एखादं कार्टं ओरडलं की चोरून विडी ओढणारी सगळी ताठ बसत. हमालांचाही रोजचा विनोद ठरलेला होता. “सिस्टर, आम्हालाही पटावर घ्या की. आमचंही या फलाटाखेरीज आहे कोण?”

“तुमचं वय बसत नाही,” त्या म्हणत.

“वजन तरी?”

“काटा बंद आहे.”

त्यांच्या कामाचे दोन नियम होते आणि ते त्यांनीच घातलेले होते. पहिला असा, की नव्या मुलाला पंधरा दिवस काहीही विचारायचं नाही. पाव द्यायचा, जखम धुवायची, स्टेशनबाहेरच्या दोन खोल्यांच्या निवाऱ्यात झोपायला चटई द्यायची. नाव, गाव, बाप, काही विचारायचं नाही. विचारलेलं मूल विचारणाऱ्याला जे हवं असतं ते सांगतं, हा त्यांचा अनुभव होता. मूल आपण होऊन बोलेल ते त्याच्याच शब्दांत त्याच्या पानावर उतरवायचं. दुसरा नियम असा, की एकाचं पान दुसऱ्याच्या पानाशी ताडून पाहायचं नाही. आयुष्यभर ज्यांना सगळ्यांनी खोटं ठरवलेलं असतं त्यांचं बोलणं एका जागी तरी तपासलं जाऊ नये, असा त्यामागचा विचार. सोबत काम करणारी धाकटी सिस्टर एकदा हसत म्हणाली होती, “तुम्ही देवालाही पहिले पंधरा दिवस काही विचारलं नसेल.” “अजून विचारलेलं नाही,” असं उत्तर मिळाल्यावर तिला पुढे हसावं की नाही ते कळलं नव्हतं.

नियम चांगले होते. त्यांच्यामुळे पुष्कळ मुलं घरी पोचली. कुठल्याही चांगल्या नियमात एक दार उघडं राहतं, ज्यातून तो नियम करणाराच खाली पडू शकतो. हे त्यांच्याही बाबतीत घडायचं होतं.

खिडकीच्या पानावर एकच वाक्य होतं: ‘आमच्या दाराला दोन रंग आहेत.’ सात महिन्यांत एवढंच. नऊ फेब्रुवारीला सिस्टरांनी त्या वाक्याखाली रेघ ओढली आणि पान दुमडून वहीच्या शिवणीत घातलं.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ‘शेपूट’ बोलली. ही नऊ वर्षांची मुलगी खिडकीच्या मागे मागे हिंडायची, म्हणून ते नाव. खिडकी गेल्यावरही ते तसंच राहिलं. दीड वर्षात तिनं घराविषयी अवाक्षर काढलं नव्हतं. त्या दिवशी पावाच्या कडा तोडता तोडता ती एकदम सांगू लागली, पाठ केल्यासारखं. नदी वळते तिथलं छोटं स्टेशन, त्यावर चारच बाक. बाहेर पाण्याची टाकी. तिथून तिसरी गल्ली, शेवटचं घर. आई उशांचे अभ्रे शिवते. टेबलाच्या एका पायाखाली दुमडलेला पुठ्ठा आहे आणि त्याच टेबलाखाली पत्र्याचा डबा, बटणांचा. स्टेशनचं नावही तिनं सांगितलं.

“जायचंय तुला?” सिस्टरांनी विचारलं. हा प्रश्न नियमात बसत होता.

“आज,” शेपूट म्हणाली.

त्या दोन दिवसांनी गेल्या. गाडीत शेपूट खिडकीशी बसली नाही. मधल्या जागेवर बसून तिनं पूर्ण वाटभर समोरच्या बाकड्याचे खिळे मोजले. स्टेशनवर बाक चार होते. टाकी होती. तिसऱ्या गल्लीच्या शेवटी घर होतं, आणि त्या घराच्या दाराचा खालचा अर्धा भाग हिरवा आणि वरचा निळा होता. हिरवा जिथे संपला होता तिथली रेघ वाकडी होती, हातातला रंगाचा डबा संपेल तशी.

सिस्टर दारासमोर उभ्या राहिल्या. वहीच्या शिवणीत दुमडलेलं खिडकीचं पान त्यांच्या पिशवीतच होतं. हात वर केला होता तो त्यांनी खाली घेतला नाही. त्यांनी दार वाजवलं.

दार उघडणाऱ्या बाईच्या तोंडात टाचणी होती. तिनं आधी करडा झगा पाहिला, मग मुलगी पाहिली. टाचणी काढून पदरात खोचली.

“ही माझी नाही,” ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. एवढ्यात शेपूट तिच्या हाताखालून आत शिरली, गुडघ्यावर बसली आणि टेबलाखालून बटणांचा डबा ओढून तिनं तो छातीशी धरला.

बाई मागे वळली. “हे तुला कुणी सांगितलं?”

“खिडकीनं.” मग चुकलं असं वाटून तिनं खरं नाव सांगितलं. ते नाव सिस्टर पहिल्यांदाच ऐकत होत्या. “ती गठ्ठ्याला घाबरली. दुकानात द्यायचा अभ्र्यांचा गठ्ठा हरवला ना, म्हणून ती गाडीत बसली.”

“गठ्ठा?” बाई मशीनच्या स्टुलावर टेकली. “गठ्ठा तर चौथ्या दिवशी मिळाला. स्टेशनवरच्या बाकाखालीच होता.”

शेपूट डब्याचं झाकण उघडझाप करत होती. मग बाईनं तो प्रश्न विचारला, आणि मुलीला नाही, सिस्टरांना: “कुठंय ती?”

त्या क्षणी सिस्टरांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांनी पुढे पुष्कळदा तपासून पाहिलं. दुःख नव्हतं. भीतीही नव्हती. एक हिशोब होता, फलाटावरच्या मोजणीसारखाच स्वच्छ: मेलेली मेली, डबा धरून बसलेली जिवंत आहे. खरं सांगितलं तर हे दार बंद होईल आणि संध्याकाळच्या गाडीनं हिला परत न्यावं लागेल. निवाऱ्यातल्या मुलींना तेराव्या वर्षी कुठे पाठवतात आणि त्यांतल्या किती पुढे सापडत नाहीत, हा आकडा त्यांना पाठ होता.

“ती आमच्या स्टेशनवर होती,” त्या म्हणाल्या. “एक दिवस गाडीत बसून गेली. आम्ही शोधतो आहोत.”

शेपटीनं मान वर केली नाही.

बाई बराच वेळ मुलीकडे पाहत राहिली. “मग ही राहू दे इथंच,” ती शेवटी म्हणाली. “ती आली की ओळखीचं कुणी असलेलं बरं.” आणि शेपटीला: “ए पोरी, ती बटणं सांडशील. रंग रंग वेगळे करून ठेव.”

पोचवलेल्या मुलाला तिसाव्या दिवशी जाऊन पाहायचं आणि मग दर सहा महिन्यांनी, अशी संस्थेची पद्धत होती. सिस्टर तिसाव्या दिवशी गेल्या. शेपटीच्या केसांतल्या उवा गेल्या होत्या. ती बाईला मावशी म्हणत होती. बाईनं पाणी दिलं, स्टूल पुसून पुढे केलं आणि मशीनवर बसता बसता विचारलं, “काही कळलं का हो, सिस्टर?”

“शोधतो आहोत.”

“बरं.” आणि चाक फिरवलं.

नोव्हेंबरात पुन्हा तेच. मुलगी रुळू दे, मग सांगू, असं सिस्टरांनी ठरवलं होतं. मे महिन्यात मुलगी शाळेत जाऊ लागली होती. वर्ष पुरं होऊ दे, असं ठरलं. पुढे बाईला डोळ्याचा आजार झाला, मग शेपटीची परीक्षा आली. प्रत्येक वेळी कारण खरंच होतं. चर्चमध्ये पापांची कबुली देताना त्यांनी हे पाद्रींना सांगितलं. जाळीपलीकडून त्यांचा आवाज आला, “खोट्याची क्षमा मिळेल, सिस्टर. पण जिच्यापाशी बोललात तिच्यापाशीच ते दुरुस्त करावं लागेल.”

“मुलगी रस्त्यावर येईल, फादर.”

“ती बाई तशी आहे?”

सिस्टरांनी विचार केला. “मला माहीत नाही. मी तिला कधी काही विचारलेलं नाही.”

मे आणि नोव्हेंबर, अशी अकरा वेळा ती गाडी त्यांनी धरली. प्रश्न अकरा वेळा तोच आणि तेवढ्याच आवाजात विचारला गेला. उत्तरही तेच दिलं गेलं. सातव्या-आठव्या खेपेपासून ते उत्तर देताना त्यांना काहीच होईनासं झालं. अभ्र्याच्या तिसऱ्या बाजूला शिवण घालताना मशीन जसं अडत नाही, तसं.

अकराव्या खेपेला मे महिन्यात शेपूट त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला आली. ती आता चौदा वर्षांची होती, मावशीइतकीच उंच, आणि काज मावशीपेक्षा बारीक करायची. दोघी चारांतल्या एका बाकावर बसल्या. गाडीला वीस मिनिटं होती.

“सिस्टर, तू अजून खोटं बोलतेस,” शेपूट म्हणाली.

सिस्टरांनी पिशवी मांडीवर घेतली. “तुझ्यासाठी बोलले.”

“माझ्यासाठी नको होतं. मी सांगितलंय.”

“काय?”

“सगळं. पहिल्याच संध्याकाळी. भांडी विसळत होतो तेव्हा. मी म्हटलं, मावशी, ती गाडीखाली आली, मी पाहिलंय. आणि हे घर तिनं मला दिलंय. रोज झोपताना ती मला हे घर सांगायची. म्हणायची, गठ्ठा नाही मिळाला तर मी काही जात नाही, तू जा.”

“मग बाई काय म्हणाल्या?”

“काही नाही. ताटली पुसली. मग म्हणाली, आता ही दुसरी ताटली तुझी.”

मालगाडी गेली. ती पूर्ण जाईपर्यंत दोघींना थांबावं लागलं.

“मग मला दर वेळी का विचारतात?” सिस्टर म्हणाल्या.

“मी पण विचारलं तिला. ती म्हणते, तू पोर आहेस, तू सांगितलंस ते तुझं. ज्यांनी तिला मातीत ठेवलं त्यांनी सांगितलं पाहिजे. माझी मुलगी मला त्यांच्याकडून परत घ्यायचीय.” शेपटीनं बोटातलं शिवणाचं अंगुस्तान काढलं, पुन्हा घातलं. “तुझी वाट बघते ती. सहा महिने तुझी, मग परत सहा महिने तुझी.”

गाडी आली आणि गेली. सिस्टर तिच्यात बसल्या नाहीत. शेपटीसोबत त्या तिसऱ्या गल्लीतून परत चालत गेल्या. दोन रंगांचं दार उघडंच होतं. बाई मशीनवर होती. दारात उभं राहूनच सिस्टर बोलल्या.

“तुमची मुलगी मेली. आठ फेब्रुवारीला, दुपारी. इंजिनाखाली. दुसऱ्या दिवशी मी तिला पुरलं. मला माहीत होतं.”

मशीन थांबलं नाही. शिवण कडेपर्यंत गेली, बाईनं दोरा तोडला, अभ्रा उलटा करून झटकला आणि बाजूच्या चळतीवर ठेवला.

“दुखलं असेल का?”

“लगेच गेली.”

“कुठं ठेवलंय?”

“सार्वजनिक दफनभूमीत. दोनशे सतरा नंबर.”

“दोनशे सतरा.” बाईनं ते कापड मोजताना म्हणतात तसं म्हटलं. “शनिवारी येते. हा माल शुक्रवारी द्यायचाय.” आणि मग, शेपटीकडे न पाहता: “हिचं काजांचं काम बुडेल एक दिवस.”

सिस्टर शहरात परतल्या त्या तडक दफनभूमीत गेल्या. जागा झाडून ठेवावी, पट्टीवरची धूळ पुसावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. दोनशे सतराची पट्टी नवी होती. आकडा नीट सुकलेला, ओघळ नसलेला. माती भुसभुशीत होती आणि तिच्यावर प्लास्टिकचं एक खेळण्यातलं चाक कुणीतरी ठेवलं होतं.

रखवालदार रजिस्टर घेऊन आला. “सहा वर्षांची मुदत असते, सिस्टर. फेब्रुवारीत भरली. फाटकावर महिनाभर नोटीस होती. कुणी आलं नाही.”

“आणि आधीचं?”

“सामाईक खड्ड्यात. भिंतीकडेला.” त्यानं हात केला. तिथे बरीच मोठी जागा होती आणि तिच्यावर गवत वाढलं होतं. “त्यातलं कुणाचं काय ते आता देवालाच ठाऊक.”

मुदत असते हे सिस्टरांना ठाऊक होतं. चौदाहून अधिक वेळा सही केलेल्या त्या छापील कागदावर खाली तसं लिहिलेलं असतं. दहाव्या खेपेला, नोव्हेंबरात, खरं सांगितलं असतं तर तीन महिने हातात होते. संस्थेच्या सिस्टरांसाठी टेकडीवरच्या चर्चमागे जागा राखून ठेवलेल्या आहेत. त्यांतली एक त्यांची स्वतःची आहे, आणि तिला मुदत नाही. व्रत घेतलेल्या माणसाच्या मातीला आणि फलाटावरच्या मुलाच्या मातीला वेगवेगळा काळ लागतो असं कुठल्या धर्मात सांगितलेलं नाही. ती व्यवस्था आहे, आणि सिस्टर एकोणीस अधिक सहा वर्षं त्या व्यवस्थेच्या कागदावर सही करत आल्या होत्या.

शनिवारी सकाळी दोघी आल्या. थोरला हमाल फलाटावर त्यांना उतरवून घ्यायला गेला होता. तो काहीतरी गमतीचं बोलायला गेला आणि बाईच्या हातातली घडी पाहून गप्प झाला. तो एक अभ्रा होता, लहान मापाचा, चारही बाजूंनी शिवलेला. आत काही भरलेलं नव्हतं.

सिस्टरांनी फाटकातच सगळं सांगितलं. या वेळी त्यांनी काहीही राखून ठेवलं नाही: मुदत, नोटीस, खड्डा, नोव्हेंबर.

बाई दोनशे सतराच्या पट्टीपर्यंत चालत गेली. तिथे दुसऱ्या कुणाचं तरी चाक होतं. ती भिंतीपर्यंत गेली. तिथे गवत होतं, पंचवीस-तीस पावलं लांब. ती परत आली. शेपटीनं तिचा हात धरायला आपला पुढे केला, पण बाईचे दोन्ही हात घडीवर होते.

“मग मी कुठं उभी राहू?” तिनं सिस्टरांना विचारलं.

दुपारच्या गाडीनं त्या परत गेल्या. घडी तशीच परत गेली. नोव्हेंबरची फेरी नेमाप्रमाणे होईल. मुलगी त्या घरी राहणार आहे, त्याविषयी कधी प्रश्न नव्हता, आणि हे सिस्टरांनी पहिल्या दिवशीच विचारलं असतं तर कळलं असतं. रविवारी पहाटे त्यांनी फलाट मोजले. सव्वीस.

एका आईला आपल्या मुलीसाठी उभं राहायला दोन पावलांएवढी जागा द्यायची आहे. ती अजून दिलेली नाही.